स्वयंपाकघरातील कपाटांना रंग कोणता द्यावा?

दसरा-दिवाळी जवळ आली की अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. स्वयंपाकघरातील कपाटे आता फार जुनाट दिसू लागली आहेत. कधी काळी दिलेला चॉकलेटी ऑइल पेंट तेलकट धुराने काळपट झालेला असतो आणि मुठीभोवती तो पार उडालेला असतो. नवी कपाटे करून घ्यावीत, तर प्लायवुडचा आणि सुताराचा खर्च झेपणारा नसतो. मग "निदान रंग तरी देऊ" असे ठरते, दुकानातून शेड कार्ड आणले जाते आणि प्रत्येक जण त्यातील वेगळ्याच चौकोनावर बोट ठेवतो.

विद्यार्थी मित्रांनो, या वादात तुम्हालाही भाग घेता येईल, आणि तोही केवळ "मला हा आवडतो" असे म्हणून नव्हे. रंगाच्या निवडीत आवडीनिवडीचा भाग आहेच. पण कोणता रंग कमी हातांत झाकतो, कोणत्या रंगाने खोली उजळते, दुकानात पसंत केलेला रंग घरी वेगळा का दिसतो, हे सारे प्रश्न पदार्थविज्ञानाचे आहेत. त्यांची उत्तरे ठाऊक असली, तर पैसे वाचतात. आणखी एक प्रश्न आरोग्याचा आहे. तो शेवटी घेऊ. पण रंगकामाला हात घालण्यापूर्वी तो भाग वाचल्याशिवाय राहू नका.

केसापेक्षा पातळ थर

प्रथम एक सोपे गणित करू. चांगल्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक लिटर रंग एका हातात सुमारे १० चौरस मीटर क्षेत्र व्यापतो, असे समजा. (नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो.) एक लिटर म्हणजे १,००० घन सेंटिमीटर आणि १० चौरस मीटर म्हणजे १,००,००० चौरस सेंटिमीटर. भागाकार केला, की ओल्या थराची जाडी येते ०.०१ सेंटिमीटर, म्हणजेच ०.१ मिलिमीटर. त्यातील साधारण निम्मा भाग वाळताना उडून जातो असे धरले, तर उरतो ०.०५ मिलिमीटरचा थर. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो!

एवढ्या पातळ थराने खालचा गडद चॉकलेटी रंग झाकायचा आहे. तो कसा झाकला जातो?

ओला फळा आणि वाळलेला फळा

याचे उत्तर तुमच्या वर्गातच आहे. खडूने भरलेला फळा ओल्या फडक्याने पुसला, की तो क्षणभर अगदी स्वच्छ, काळाभोर दिसतो. दोन मिनिटांनी फळा वाळतो आणि त्यावर पांढरट ढग उमटतात. खडूची पूड तर पूर्वीही तेथेच होती. मग ओली असताना ती कोठे गेली होती?

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात शिरताना त्याचा काही भाग परावर्तित होतो. हा भाग दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरकावर अवलंबून असतो. किरण पृष्ठभागावर सरळ पडत असेल, तर दोन्ही अपवर्तनांकांची वजाबाकी करायची, तिला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि आलेल्या संख्येचा वर्ग करायचा. खडूचा अपवर्तनांक सुमारे १.६ आणि हवेचा १. म्हणून कोरड्या खडूच्या कणावरून परावर्तन होते सुमारे ५ टक्के. पुडीमध्ये असे असंख्य कण एकावर एक असल्याने प्रकाश पुन्हा पुन्हा उलटसुलट फिरतो आणि बहुतेक सगळा बाहेर येतो. पूड पांढरी दिसते. पण कणांभोवती हवेऐवजी पाणी आले, तर पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने हेच परावर्तन १ टक्क्याच्याही खाली घसरते. प्रकाश न अडखळता पूड ओलांडून काळ्या फळ्यापर्यंत पोहोचतो आणि तेथे शोषला जातो.

ऑइल पेंटमध्ये कणांभोवती तेल किंवा राळ असते. तिचा अपवर्तनांक सुमारे १.५. त्यात खडूची पूड घातली, तर परावर्तन उरते अवघे ०.१ टक्का. खडूचा ऑइल पेंट कधीच नीट झाकणार नाही! म्हणूनच रंगासाठी असे पांढरे द्रव्य हवे, की ज्याचा अपवर्तनांक तेलापेक्षा पुष्कळ जास्त असेल. ते द्रव्य म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइड. याच्या रुटाइल या प्रकाराचा अपवर्तनांक सुमारे २.७ आहे. वरच्या सूत्रात हा आकडा घालून पाहा: २.७ वजा १.५ म्हणजे १.२, त्याला ४.२ ने भागून वर्ग केला, की उत्तर येते सुमारे ८ टक्के. खडूच्या जवळजवळ ऐंशी पट! (हे सूत्र सपाट पृष्ठभागाचे आहे. रंगातील कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असल्याने त्यांचा खरा हिशेब अधिक अवघड असतो. पण कल तोच राहतो.)

हे द्रव्य बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले ते पहिल्या महायुद्धाच्या काळापासून. ते इल्मेनाइट या काळ्या खनिजापासून बनवता येते. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत हे खनिज विपुल आहे आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरही ते सापडते. म्हणजे आपल्या पांढऱ्याशुभ्र कपाटाचे मूळ काळ्या वाळूत असू शकते.

शुभ्र की किंचित मळकट?

आता निवडीचा पहिला मुद्दा आला. जुन्या गडद कपाटावर शुभ्र पांढरा रंग देणे सर्वांत महागात पडते. कारण पांढऱ्या रंगाचे कण प्रकाश केवळ विखुरतात, शोषत नाहीत. जो थोडा प्रकाश थर ओलांडून खाली जातो, तो चॉकलेटी पृष्ठभागावर शोषला जातो. जेथे थर पातळ असेल तेथून कमी प्रकाश परत येतो आणि तो भाग डागासारखा दिसतो.

त्याच पांढऱ्या रंगात काळ्या रंगाचे किंवा तपकिरी रंगाचे काही थेंब मिसळले, तर काय होईल? रंग किंचित मळकट होईल: मोतिया, हस्तिदंती किंवा फिका राखाडी. पण आता थरात शोषण करणारे कणही आहेत. खालपर्यंत जाऊन परत येण्याचा लांबचा प्रवास करणारा प्रकाश वाटेतच बराचसा शोषला जातो. त्यामुळे खाली गडद रंग असला काय आणि फिका असला काय, वरून दिसणाऱ्या प्रकाशात फारसा फरक पडत नाही. म्हणजेच रंग अधिक चांगला झाकतो. अनुभवी रंगाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असते. शुभ्र रंगाला जेथे तीन हात लागतात, तेथे मळकट छटेचे बहुधा दोन हात पुरतात.

याचा पैशांत अर्थ काय? समजा, कपाटांच्या दारांचे आणि कडांचे मिळून क्षेत्रफळ ८० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७.४ चौरस मीटर आहे. एका हाताला पाऊण लिटर रंग लागेल. दोन हातांना दीड लिटर आणि तीन हातांना सव्वादोन लिटर. एक हात वाचला, तर रंगाच्या खर्चातील तिसरा हिस्सा वाचला, आणि एका दिवसाचे कामही वाचले.

याउलट भडक पिवळे आणि भडक लाल रंग फसवे असतात. शिसेविरहित रंगांत या छटांसाठी बहुधा सेंद्रिय रंगद्रव्ये वापरतात. त्यांतील पुष्कळांची झाकण्याची शक्ती बेताची असते. हौस असेल, तर असा रंग एखाद्याच लहान दाराला द्यावा आणि त्याखाली राखाडी अस्तर लावावे.

एकच प्रकाश अनेकदा वापरणे

दुसरा मुद्दा उजेडाचा. शहरातील स्वयंपाकघर म्हणजे बहुधा एक खिडकी, तीही शेजारच्या इमारतीकडे उघडणारी, आणि एक दिवा. तेथे प्रकाश जपून वापरावा लागतो.

दिव्यातून १०० भाग प्रकाश निघाला असे समजू. खोलीतील सर्व पृष्ठभाग सरासरी ५० टक्के प्रकाश परावर्तित करतात. मग १०० पैकी ५० भाग परत खोलीत येतील, त्यांतील २५ पुन्हा, मग साडेबारा, आणि असेच पुढे. १०० + ५० + २५ + १२.५ + ... ही भूमिती श्रेढी तुम्ही ओळखली असेलच. तिची बेरीज होते २००. परावर्तन ३० टक्के असेल, तर बेरीज येते सुमारे १४३. ७० टक्के असेल, तर सुमारे ३३३! येथे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला असे समजू नका. प्रकाश तेवढाच आहे. शोषला जाण्यापूर्वी तो अधिक वेळा वापरला जातो, इतकेच.

आता हे आपल्या कपाटांना लावून पाहू. खोली ८ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. भिंती, छत आणि जमीन मिळून क्षेत्रफळ होते ३८२ चौरस फूट. त्यांपैकी ८० चौरस फूट कपाटांनी व्यापले आहे. उरलेल्या ३०२ चौरस फुटांचे परावर्तन ५० टक्के धरू. कपाटे गडद चॉकलेटी असतील, तर ती जेमतेम १० टक्के प्रकाश परत करतील. खोलीची सरासरी येते सुमारे ४२ टक्के आणि श्रेढीची बेरीज सुमारे १७१. कपाटांना मोतिया रंग दिला आणि त्यांचे परावर्तन ७० टक्के झाले, तर सरासरी होते सुमारे ५४ टक्के आणि बेरीज सुमारे २१८. म्हणजे दिवा न बदलता खोलीतील उजेड जवळजवळ पावपट वाढला! सर्व प्रकाश खोलीभर सारखा पसरतो असे आपण येथे गृहीत धरले आहे; प्रत्यक्षात आकडा थोडाफार बदलेल. पण विळीवर किंवा सुरीने भाजी चिरणाऱ्याला हा फरक नक्की जाणवेल.

यातून एक काटकसरीचा मार्ग निघतो. वरची, डोळ्यांच्या पातळीवरील कपाटे फिकी ठेवावीत, कारण दिव्याचा प्रकाश त्यांच्यावर थेट पडतो. ओट्याखालच्या कपाटांवर ओट्याची सावली असते, शिवाय तेथेच पाय लागतात आणि खरकटे उडते. त्यांना मध्यम राखाडी, मोरपिशीकडे झुकणारा हिरवा किंवा तपकिरी रंग चालेल. तो कमी हातांत झाकेल आणि डागही लपवील.

साडीच्या दुकानातील धडा

तिसरा मुद्दा फसगतीचा. आई किंवा आजीबरोबर साडी घ्यायला गेला असाल, तर एक गोष्ट पाहिली असेल. साडी पसंत पडली, की ती हातात घेऊन त्या दुकानाच्या दाराशी येतात आणि उन्हात रंग पाहतात. ब्लाउजपीसचेही तसेच. दुकानातील दिव्याखाली साडीशी तंतोतंत जुळलेला कपडा बाहेर आल्यावर भलताच निघतो.

वस्तूचा रंग ही एकट्या वस्तूची गोष्ट नाही. पांढऱ्या प्रकाशात अनेक रंग असतात, हे न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकाच्या साहाय्याने पाहिले. वस्तू त्यांतील काही शोषते आणि उरलेले आपल्याकडे पाठवते. पण दिव्याच्या प्रकाशात जो रंग मुळातच कमी आहे, तो वस्तू पाठवणार कोठून? तारेच्या जुन्या बल्बच्या प्रकाशात लाल-पिवळा भाग भरपूर आणि निळा अगदी थोडा. म्हणून त्याखाली गडद निळा रंग काळपट दिसतो. आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यात बहुधा निळा प्रकाश देणारा अर्धवाहक असतो आणि त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. त्याचा वर्णपट सूर्यप्रकाशाहून वेगळा असतो. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असल्यामुळे दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे मिश्रण एका दिव्याखाली अगदी सारखे दिसू शकते आणि दुसऱ्या दिव्याखाली निराळे.

त्यात भर पडते शेजारच्या रंगाची. मिशेल शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या चित्रवस्त्रांच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तेथील काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी लोकर तपासली. रंगात दोष नव्हता. ती लोकर निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणली, की फिकी वाटत असे! शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. तुमच्या काळ्या कडाप्प्याच्या ओट्याशेजारी फिका रंग अधिक फिका दिसेल आणि पांढऱ्या टाइल्सशेजारी तोच मळका वाटेल, ते याच कारणाने.

म्हणून शेड कार्डावरील नखाएवढा चौकोन दुकानात पाहून रंग ठरवू नये. सर्वांत लहान डबी आणावी, वहीएवढ्या पुठ्ठ्याला दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा कपाटावर टेकवून सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून पाहावा.

चकाकी आणि तेलकटपणा

चकचकीत रंग घ्यावा की मंद? चकचकीत पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश आरशासारखा परावर्तित होतो. त्यामुळे प्रत्येक खळगा आणि ओरखडा उठून दिसतो. मंद रंग हे दोष लपवतो, पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागात तेलकट धूर अडकून बसतो. जुन्या कपाटासाठी मधला, अर्धवट चमकदार प्रकार सोयीचा. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो. म्हणून कपाटाच्या आतून द्यायचा असेल, तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग बरा.

रंग कोणताही घ्या, तेलकट थरावर तो टिकणार नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून कपाट पुसावे (हातमोजे घालून), साध्या पाण्याने पुन्हा पुसावे आणि मग त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. थेंब मोत्यांसारखे गोल राहिले, तर तेल अजून शिल्लक आहे. पाणी पसरले, तर काम झाले.

घासण्यापूर्वी थांबा

आता तो आरोग्याचा प्रश्न. पूर्वी रंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरत. सफेता हे शिशाचे पांढरे संयुग, शेंदूर हे तांबडे, आणि शिशाचे क्रोमेट पिवळे. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे घालीत. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी घातली. भारतात याविषयीचे नियम २०१६ साली निघाले. वजनाने दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असलेला घरगुती रंग तयार करण्यास नोव्हेंबर २०१७ पासून मनाई झाली.

याचा सरळ अर्थ असा, की त्यापूर्वी रंगवलेल्या कपाटात शिसे असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नाही. कपाटावर घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. पण कोरड्या पॉलिश पेपरने तो घासला, की त्याची बारीक धूळ हवेत, भांड्यांवर आणि जमिनीवर बसते. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. मोठ्या माणसांच्या मानाने मुलांच्या शरीरात ते अधिक प्रमाणात शोषले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही.

म्हणून पुढील नियम पाळावेत. रंग घट्ट असेल, तर तो काढूच नये. धुऊन, हलकेच खरखरीत करून त्यावरच अस्तर द्यावे. यात पैसेही वाचतात. घासायचेच असेल, तर पृष्ठभाग ओला ठेवून वॉटर पेपरने घासावे. ज्योतीने जाळून रंग काढू नये, कारण शिशाची वाफ धुळीपेक्षाही वाईट. घासणाऱ्याने धूळ रोखणारा चांगला मास्क लावावा. भांडी व धान्य आधीच बाहेर न्यावे. काम संपल्यावर केरसुणी न वापरता ओल्या फडक्याने पुसावे आणि ती फडकी पिशवीत बांधून टाकून द्यावीत. तुम्ही स्वतः, तुमची लहान भावंडे आणि घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनी, हे काम संपेपर्यंत दुसऱ्या खोलीत थांबावे. पुठ्ठ्यावरील चाचणी मात्र तुम्ही खुशाल करा.

पाहा करून

एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने दोन बोटे रुंदीचे पट्टे काढा. पुठ्ठ्याचे दोन भाग करा. एकावर शुभ्र पांढऱ्या रंगाचे हात द्या. दुसऱ्यावर त्याच रंगात काळ्या स्टेनरचे थोडे थेंब मिसळून हात द्या. प्रत्येक हात वाळल्यावर पट्टे दिसतात का, ते पाहून वहीत नोंद करा. पट्टे पूर्ण झाकायला कोणत्या रंगाला किती हात लागले? शिक्षकांना हा प्रयोग वर्गात गटागटाने करून घेता येईल. गटागणिक थेंबांची संख्या बदलली, तर आलेखही काढता येईल.

मग आपल्या स्वयंपाकघरातील कपाटांचे क्षेत्रफळ मोजा आणि आपण निवडलेल्या छटेला किती लिटर रंग लागेल ते काढा. हा कागद आणि तो पुठ्ठा घेऊन घरच्या चर्चेत बसा.